सहा दिवस, सातवा दिवस आणि जीवशास्त्राचा तास

(शब्बाथ बेरेशीतच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, समाजाच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचे ध्वनिमुद्रणावरून केलेले शब्दांकन.)



काल हेखालातून सेफेर बाहेर आला आणि तोराचे वाचन पुन्हा पहिल्या शब्दापासून सुरू झाले. आजच्या विषयासाठी याहून योग्य दिवस नव्हता. पण विषय मी निवडलेला नाही. तो एका आजीने आणि तिच्या नातीने मिळून माझ्यावर सोपविला आहे. दोघीही इथे बसल्या आहेत. नावे सांगणार नाही.

नात परदेशातील एका धार्मिक विद्यापीठात जीवशास्त्र शिकायला निघाली आहे. आजींनी मला बाजूला घेऊन विचारले, "बाई, तिथे तरी हिला ते माकडापासून माणूस झाला वगैरे शिकवणार नाहीत ना?" दोन दिवसांनी नात आली. तिचा प्रश्न असा, "मावशी, तिथे मला उत्क्रांती नीट शिकवतील ना? की धार्मिक विद्यापीठ म्हणून तो भाग वगळतील?" एकाच घरातील एकाच मुलीविषयी, एकाच विद्यापीठाविषयी या दोन चिंता होत्या, आणि दोन्ही अगदी उलट दिशेच्या. तेव्हाच मी ठरविले की उत्तर एकेकीला वेगळे द्यायचे नाही. दोघींना एकत्र, सर्वांसमक्ष द्यायचे.

प्रश्न असा आहे : जे विद्यापीठ परमेश्वराच्या नावाने चालते, जिथे दिवसाची सुरुवात प्रार्थनेने होते, तिथे जीवशास्त्राच्या तासाला सृष्टिनिर्मिती शिकवावी की उत्क्रांती? आणि दोन्ही शिकवायच्या झाल्या, तर कोणी, कोणत्या तासाला?

हा वाद जिथे खरोखर पेटला, तिथून आरंभ करू. कॅलिफोर्नियातील रिव्हरसाइड येथे ला सिएरा नावाचे विद्यापीठ आहे. ते सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट या ख्रिस्ती पंथाचे. आपल्यापैकी पुण्याच्या मंडळींना हा पंथ अपरिचित नाही. औंध रस्त्यावरचे स्पायसर कॉलेज, जे 2014 साली विद्यापीठ झाले, ते याच पंथाचे. या लोकांविषयी मला प्रथमच एक गोष्ट सांगायला हवी, कारण तिच्यामुळेच हे उदाहरण मी निवडले. हे ख्रिस्ती असूनही रविवार पाळत नाहीत. शनिवार पाळतात. शुक्रवारी सूर्यास्ताला त्यांचा शब्बाथ सुरू होतो.

2009 सालापासून ला सिएरातील जीवशास्त्राचा विभाग चर्चेत आला. तक्रार अशी होती की तिथले प्राध्यापक उत्क्रांती ही सिद्ध गोष्ट म्हणून शिकवितात आणि पंथाची सहा दिवसांच्या निर्मितीवरची श्रद्धा वर्गात मांडतच नाहीत. पालक, पाद्री, विश्वस्त, देणगीदार, सगळे त्यात उतरले. 2011 च्या मार्च महिन्यात विद्यापीठाचे अध्यक्ष आणि विश्वस्त मंडळाचे प्रमुख यांनी जाहीर पत्र काढून, पंथाची भूमिका विद्यार्थ्यांपुढे पुरेशी मांडली गेली नाही याबद्दल क्षमा मागितली. पुढे 2015 साली सान अँटोनिओ येथे भरलेल्या त्यांच्या जागतिक अधिवेशनाने पंथाच्या श्रद्धासूत्रांतील निर्मितीविषयक सूत्राची भाषा अधिक घट्ट केली : निर्मिती अलीकडची, आणि दिवस शब्दशः दिवसच, आज आपण ज्याला आठवडा म्हणतो तसल्या आठवड्याचे.

हे ऐकून हसू नका. यांना विज्ञान कळत नाही म्हणून हे असे वागतात, असा सोपा समज करून घेणे अन्यायाचे होईल. या पंथाची मोठमोठी रुग्णालये आहेत, वैद्यकीय महाविद्यालय आहे. त्यांची अडचण बुद्धीची नाही, शब्बाथची आहे. त्यांचा युक्तिवाद असा : परमेश्वराने सहा दिवसांत जग केले आणि सातव्या दिवशी विसावा घेतला, म्हणून आम्ही सातवा दिवस पाळतो. ते सहा दिवस जर खरे दिवस नव्हते, कोट्यवधी वर्षे होती, तर सातवा दिवस तरी खरा कसा? मग शनिवार काय आणि रविवार काय! शब्बाथचा पायाच निखळतो. विसाव्या शतकात पृथ्वीचे वय काही हजार वर्षे ठरविणारी जी विचारधारा अमेरिकेत फोफावली, तिच्या मुळाशी जॉर्ज मॅकक्रेडी प्राइस नावाचा याच पंथाचा एक स्वयंशिक्षित भूगर्भाभ्यासक होता, हा योगायोग नव्हे. नोहाच्या जलप्रलयाने सगळे खडक आणि जीवाश्म एकाच वेळी घडविले, असे प्रतिपादन करणारे त्याचे जाडजूड पुस्तक 1923 साली निघाले. पुढे 1961 मध्ये इतर पंथांच्या दोन लेखकांनी तीच कल्पना नव्या वेषात मांडली, आणि ती जगभर पसरली. आज आपल्या मुलांच्या फोनवर जे चलच्चित्र येते, 'डार्विन खोटा ठरला' म्हणून, त्याचे आजोबा म्हणजे हे प्राइस.

आता मी आपल्याकडे वळते. शब्बाथच्या बाबतीत आपल्याहून जुना अनुभव कोणाचा? मग आपल्याला ही भीती वाटायला हवी का?

दहा आज्ञा तोरामध्ये दोन ठिकाणी येतात, हे इथल्या बार मित्झवा झालेल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असेल. निर्गमाच्या विसाव्या अध्यायात एकदा, अनुवादाच्या पाचव्या अध्यायात दुसऱ्यांदा. शब्बाथची आज्ञा दोन्हीकडे आहे. पण कारण दोन्हीकडे एक नाही. निर्गमात कारण आहे सहा दिवसांची निर्मिती. अनुवादात निर्मितीचा उल्लेखही नाही. तिथे सांगितले आहे की तू मिसर देशात दास होतास आणि परमेश्वराने तुला तेथून बाहेर काढले, म्हणून तू हा दिवस पाळ. तुझ्या दासदासींनाही तुझ्यासारखाच विसावा मिळू दे. एकाच आज्ञेला दोन कारणे. शुक्रवारी रात्री मनुकांच्या शरबतावर आपण जो किद्दूश म्हणतो, त्यात या दोन्ही आठवणी एकामागून एक येतात. आणि लहानपणापासून इतक्या वेळा ऐकल्यामुळे त्या दोन आहेत हे आपल्या ध्यानातच येत नाही.

याचा अर्थ निर्मितीचे कारण फिके आहे असा मी लावत नाही. जगाला कर्ता आहे, हे आपल्या धर्माचे पहिले वाक्य आहे. पण शब्बाथ हा खडकांच्या वयावर टांगलेला नाही. जे दास होते ते मोकळे झाले, ही गोष्ट कोणत्याही प्रयोगशाळेत खोटी पडणारी नाही.

आणि आपला स्वतःचा इतिहास पाहा. कोकणात नवगाव, अलिबाग, रोह्याच्या बाजूला आपले पूर्वज शतकानुशतके तेलाचे घाणे चालवीत. त्यांच्या हाती सेफेर तोरा नव्हता. हिब्रू विसरली होती. शेमाचे शब्द तेवढे ओठांवर राहिले होते. उत्पत्तीचा पहिला अध्याय त्यांनी वाचलेला नव्हता. तरी शनिवारी घाण्याचा बैल सोडलेला असे. गावाने त्यांना नाव दिले शनिवार तेली. दिवस चोवीस तासांचा होता की युगाचा, या प्रश्नाचा निकाल लागेपर्यंत ते थांबले नव्हते. मुंबईत आपली पहिली मशीद (हो, आपले आजोबा तिला मशीदच म्हणत, मुलांनो, हसू नका) 1796 मध्ये उभी राहिली. त्याआधीचे सगळे शब्बाथ पुस्तकाशिवाय पाळलेले आहेत. शब्बाथचा पाया नक्की कशात आहे हे कोणी मला विचारले, तर मी त्या थांबलेल्या घाण्याकडे बोट दाखवीन.

गंमत अशी की आपल्यापैकी बहुतेकांच्या पणजोबांनी उत्पत्तीचा तो अध्याय मराठीत प्रथम वाचला, तो ख्रिस्ती मिशनऱ्यांनी छापलेल्या पुस्तकातून. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी 1832 साली मराठीतून हिब्रूचे व्याकरण काढले, ते मुख्यतः आपल्या मुलांसाठी. मिशनच्या शाळांत आपली मुले शिकली आणि बेने इस्राएलच राहिली. दुसऱ्याच्या धार्मिक शाळेत शिकून आपला धर्म सांभाळण्याची कसरत आपल्याला नवी नाही. 1875 साली हाइम सॅम्युएल केहिमकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वतःची इस्राएली शाळा काढली, ती त्या अनुभवातून शहाणे होऊनच. मी हे सांगते, कारण धार्मिक शिक्षणसंस्था म्हणजे कोणीतरी परकी, संशयास्पद वस्तू आहे असे मला वाटत नाही. आपण तिच्यातच वाढलो.

आता आपले स्वतःचे धार्मिक विद्यापीठ पाहू. न्यूयॉर्कचे यशीवा विद्यापीठ. त्याची मुळे 1886 पर्यंत जातात, महाविद्यालय 1928 चे, विद्यापीठाचा दर्जा 1945 चा. परंपरेने तिथला विद्यार्थी सकाळी तालमूद शिकतो आणि दुपारी भौतिकशास्त्र, इतिहास, जीवशास्त्र. दुपारच्या त्या जीवशास्त्राच्या वर्गात उत्क्रांती शिकविली जाते, जशी इतर कोणत्याही चांगल्या विद्यापीठात शिकविली जाते तशीच. तिथे जीवशास्त्र शिकविणारे कार्ल फाइट हे स्वतः रब्बी होते, तालमूदचे अभ्यासक होते आणि कर्करोगावर संशोधन करणारे शास्त्रज्ञ होते. उत्क्रांती शिकविताना त्यांना आपली श्रद्धा दाराबाहेर ठेवावी लागली नाही, आणि तालमूद शिकविताना जनुके. मला यातले सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे की विद्यार्थ्याला दोन शिक्षकांमध्ये निवड करावी लागली नाही. एकच माणूस दोन्ही पुस्तके उघडून बसलेला त्याला दिसला.

फाइटसरांच्या मागे मोठी परंपरा उभी होती. रामबामने 'मोरे नेवुखीम' या ग्रंथात बाराव्या शतकात विश्व अनादी आहे की निर्मित, हा प्रश्न चर्चिला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : विश्व अनादी आहे हे मी नाकारतो, ते तोराच्या शब्दांमुळे नव्हे. शब्दांचा अर्थ लावण्याची दारे बंद झालेली नाहीत. परमेश्वराला शरीर आहे असे सुचविणाऱ्या वचनांचा आपण अर्थ लावलाच ना! मी नाकारतो ते एवढ्यासाठी की कोणी ते सिद्ध केलेले नाही. किती धीट वाक्य आहे हे! सिद्ध झाले असते तर वाचनाची पद्धत बदलली असती, असे रामबाम सांगतात. आणि बेरेशीत रब्बा या मिद्राशमध्ये रब्बी अब्बाहू यांचे मत आहे की या जगापूर्वी परमेश्वराने जगे घडविली आणि मोडली.

या मिद्राशचा उपयोग पुढे कोणी केला ते ऐका. डान्झिगचे रब्बी इस्राएल लिपशिट्झ, मिशनावरील 'तिफेरेथ इस्राएल' या भाष्याचे कर्ते. सायबेरियाच्या बर्फात मॅमथचा प्रचंड सांगाडा सापडल्याची वार्ता त्यांनी ऐकली होती. 1842 साली एका प्रवचनात त्यांनी सांगितले की भूगर्भातून निघणारे हे प्राणी आपल्या ऋषींच्या जुन्या म्हणण्याला पुष्टीच देतात. ही त्या आधीच्या जगांची हाडे आहेत. 1842! डार्विनचे पुस्तक निघायला अजून सतरा वर्षे होती. रब्बींच्या स्पष्टीकरणातले विज्ञान आज टिकणारे नाही. पण त्यांचा सूर पाहा. हाड सापडल्यावर त्यांचा चेहरा पडला नाही; त्यांना आनंद झाला. पुढे जर्मनीत रब्बी सॅमसन राफाएल हिर्श यांनीही म्हणून ठेवले की उत्क्रांती खरी ठरली, तर एका आरंभबीजातून आणि एका नियमातून एवढे वैविध्य घडविणाऱ्या कर्त्यापुढे यहुदी अधिकच नम्र होईल. डिसेंबर 2005 मध्ये अमेरिकेतील ऑर्थोडॉक्स रब्बींच्या रॅबिनिकल कौन्सिल ऑफ अमेरिका या संघटनेने जाहीर केले की नीट समजून घेतलेली उत्क्रांती ही कर्त्यावरील श्रद्धेशी विसंगत नाही, उत्पत्तीच्या पहिल्या दोन अध्यायांशीही नाही.

पण इथेच थांबले तर मी तुम्हाला फसविल्यासारखे होईल. आपल्या घरातही याविरुद्ध मत आहे, आणि ते लहान माणसांचे नाही. नतान स्लिफकिन हे रब्बी प्राणी आणि तोरा यांवर लिहितात. 2004-05 मध्ये इस्राएल व अमेरिकेतील हरेदी परंपरेच्या थोर रब्बींनी त्यांच्या तीन पुस्तकांवर बंदी घातली. इस्राएलमध्ये 2010 साली शिक्षण मंत्रालयाचे मुख्य शास्त्रज्ञ गाव्रिएल अवितल यांनी पाठ्यपुस्तकांतील उत्क्रांतीवर शंका घेतली. वाद झाला आणि त्यांना पद सोडावे लागले. सिंगापूरच्या समाजाचे धार्मिक नेतृत्व आज खबाद परंपरेकडे आहे, आणि लुबाविचचे रेब्बे यांचे या प्रश्नावरचे पत्र प्रसिद्ध आहे. त्यांनी उत्क्रांती मानली नाही. ते स्वतः विज्ञान शिकलेले होते, म्हणून त्यांचा मुद्दा नीट समजून घ्यायला हवा. ते म्हणतात, आज जे दिसते त्यावरून अतिदूरच्या भूतकाळाचे अनुमान करणे ही विज्ञानाची कच्ची बाजू आहे. आणि ज्याने आदामला प्रौढ माणूस म्हणून घडविले, त्याला जमिनीत तयार जीवाश्म ठेवणे अशक्य का असावे?

पहिल्या मुद्द्याचा मी आदर करते. अनुमानाला मर्यादा असतात, हे प्रत्येक चांगला जीवशास्त्रज्ञ मान्य करतो. दुसऱ्या मुद्द्याला माझ्याकडे पुराव्याचे उत्तर नाही, कारण पुराव्याने त्याचे खंडन होऊच शकत नाही. पण म्हणूनच तो जीवशास्त्राच्या तासाचा मुद्दा नव्हे. ज्या विधानाची परीक्षा कोणत्याही हाडाने, कोणत्याही प्रयोगाने घेता येत नाही, ते विधान खरे असेल, पवित्र असेल. त्याची जागा बेथ मिद्राशमध्ये आहे. तिथे त्यावर रात्रभर वाद घाला. मीही येईन, चहा घेऊन.

मग जीवशास्त्राच्या तासाला काय शिकवायचे? बेरेशीतमध्ये पाचव्या दिवशी मोठे जलचर निर्माण होतात. 2015 च्या जुलैमध्ये इथे जुरॉन्ग बेटाजवळ एक मृत स्पर्म देवमासा तरंगताना सापडला. त्या मादीचा साडेदहा मीटर लांबीचा सांगाडा विद्यापीठाच्या ली कॉन्ग चियान संग्रहालयात टांगलेला आहे. तिच्या वल्ह्यासारख्या पंखात डोकावा. आत आपल्या हातासारखी हाडे आहेत : दंडाचे एक, पुढच्या हाताची दोन, मग मनगट, मग बोटे. माशाच्या पंखात असे नसते. देवमाशांना मागचे पाय नाहीत, पण पाठीच्या कण्याशी न जुळलेली कंबरेची लहान हाडे मांसात उरलेली असतात. काश्मीरमध्ये मिळालेला इंडोह्युस नावाचा लहानसा खुरांचा प्राणी आणि पाकिस्तानात मिळालेला पाकिसेटस यांच्या हाडांवरून देवमाशाचे पूर्वज जमिनीवर चालत होते हे कळले. त्या प्राचीन देवमाशांच्या घोट्याचे हाड बकरीच्या घोट्याच्या हाडासारखे, दोन्ही टोकांना कप्पीसारखे असते. ज्यांनी मलीद्यासाठी किंवा सणासाठी घरी आणलेला बकरा कधी नीट पाहिला आहे, त्यांना ते हाड ओळखता येईल. तुकडे असे जुळतात. जुळले नसते तर सिद्धान्त टाकून द्यावा लागला असता. त्यालाच विज्ञान म्हणतात.

आणखी एक उदाहरण देते, ते आपल्या रक्तातले आहे. 2016 साली बेने इस्राएल लोकांच्या जनुकांवरील एक संशोधन प्रसिद्ध झाले. आपल्यात यहुदी आणि भारतीय, दोन्ही वंशांचा भरपूर अंश आहे, आणि हे मिश्रण सुमारे 19 ते 33 पिढ्यांपूर्वीचे आहे, असा त्याचा निष्कर्ष. आपण किती हर्षित झालो होतो! घराघरांत ती बातमी एकमेकांना पाठविली गेली. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या 'तुम्ही खरे यहुदी का?' हा प्रश्न ऐकला, त्यांना तो आनंद होणारच. पण मंडळी, तो निष्कर्ष काढला कसा? आईबापांकडून येणारे जनुकांचे तुकडे दर पिढीला कसे तुटतात, त्यांत बदल कसे साठतात, कोणाचे तुकडे कोणाशी जुळतात, या हिशेबाने. तोच हिशेब पुढे नेला की माणूस आणि चिंपांझी यांचे नाते निघते. तीस पिढ्यांपर्यंत गणित आपले आणि त्यापुढे परक्यांचे, असे म्हणता येत नाही. आजींना माझे हेच सांगणे आहे. ज्या शास्त्राने तुमच्या पणजोबांच्या आठवणीला आधार दिला, त्या शास्त्राला नातीच्या वर्गाबाहेर उभे करू नका.

भारतातही हा विषय आता केवळ ख्रिस्ती किंवा यहुदी राहिलेला नाही. जानेवारी 2018 मध्ये औरंगाबाद येथे त्यावेळचे केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी डार्विनचा सिद्धान्त चुकीचा असल्याचे सांगितले, तेव्हा देशातील विज्ञान अकादमींना निवेदन काढावे लागले. 2023 साली एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गेला आणि अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ व शिक्षकांनी त्याविरुद्ध सह्या केल्या. इथे सिंगापूरमध्ये मात्र ज्युनिअर कॉलेजच्या जीवशास्त्रात उत्क्रांती हा अभ्यासक्रमाच्या गाभ्याचाच एक भाग आहे. आपली मुले ती शिकूनच विद्यापीठात जातात.

आता एक कबुली. मी मुंबईत अनेक वर्षे जीवशास्त्र शिकविले. सुरुवातीच्या काळात, एका धार्मिक संस्थेच्या शाळेत, वरिष्ठांनी मला बोलावून सांगितले, "तेवढे प्रकरण वाचून घ्यायला सांगा, फार खोलात जाऊ नका." नोकरी नवी होती. मी मान डोलावली. एक तासिका मी फळ्याकडे पाठ करून, पुस्तकात बघत, वीस मिनिटांत ते प्रकरण उरकले. शेवटी एका मुलीने हात वर केला. ती आपल्या समाजाची नव्हती. कोणत्या धर्माची ते महत्त्वाचे नाही. तिने विचारले, "टीचर, हे खरं आहे की नुसतं परीक्षेसाठी आहे?" मी म्हटले, "परीक्षेसाठी आहे." माझ्या तोंडून निघालेले ते सर्वांत वाईट वाक्य असेल. मी तिला चुकीचे जीवशास्त्र शिकविले नाही. मी तिला असे शिकविले की वर्गात बोलायचे एक असते आणि मानायचे दुसरे, आणि मोठी माणसे असेच जगतात. ज्या मुलीने जीवशास्त्राच्या तासाला हे शिकून घेतले, ती ते प्रार्थनेच्या वेळी वापरणार नाही कशावरून?

म्हणून ला सिएराच्या वादात माझी सहानुभूती वाटली जाते. ज्या पंथाने पैसा आणि मुले दिली, त्याला आपली श्रद्धा मुलांपर्यंत पोहोचावी असे वाटणे स्वाभाविक आहे, आणि ती पोहोचविण्यासाठी धर्मशास्त्राचे वर्ग आहेत. पण जीवशास्त्राच्या शिक्षकाला त्याच्या तासाला श्रद्धासूत्राचा साक्षीदार म्हणून उभे केले, की तो एकतर खोटे बोलतो किंवा गप्प बसतो. मी गप्प बसलेली आहे. त्याचा परिणाम मला माहीत आहे. उलट बाजूचे प्राध्यापकही निर्दोष नसतात. सूक्ष्मदर्शकात परमेश्वर दिसला नाही म्हणून तो नाही, असे वर्गात सुचविणारा शिक्षकही आपला तास सोडून दुसऱ्याच्या तासात घुसतो. आल्फ्रेड रसेल वॉलेसचे उदाहरण घ्या. एप्रिल 1854 मध्ये तो सिंगापूरला उतरला आणि बुकित तिमाह येथे एका फ्रेंच मिशनऱ्याच्या घरी राहिला. सुमारे दोन महिन्यांत, जेमतेम एक चौरस मैल जंगलातून, त्याने भुंग्यांच्या सातशे जाती गोळा केल्या. चारच वर्षांनी, जुलै 1858 मध्ये, त्याचा आणि डार्विनचा नैसर्गिक निवडीवरचा लेख लंडनमध्ये एकत्र वाचला गेला. नैसर्गिक निवड शोधणाऱ्या त्या दोघांपैकी एक इथे, पाद्र्याच्या छपराखाली राहून भुंगे टाचत होता! आणि त्याच वॉलेसने पुढे लिहिले की माणसाच्या मनाचा उलगडा केवळ नैसर्गिक निवडीने होत नाही. डार्विनला ते मुळीच रुचले नाही. मलाही वॉलेसचे ते मत पुराव्याने पटलेले नाही. पण भुंग्यांची मोजणी त्याने त्या मतासाठी कधी वाकविली नाही.

अहमदाबादच्या कांकरियाचे प्राणिसंग्रहालय उभे करणारे आपले रूबेन डेव्हिड यांना ज्यांनी पाहिले असेल, त्यांना प्राण्यांवरची माया आणि शब्बाथ एका माणसात कशी नांदतात, हे मी सांगायला नको. 

तर नातीसाठी. विद्यापीठाच्या प्रवेशपत्रिकेत 'आमची मूल्ये' हे पान सर्वजण वाचतात. तू ते वाच, पण त्यानंतर जीवशास्त्र विभागाची विषयसूची मागव. उत्क्रांती हा स्वतंत्र विषय आहे का, की एखाद्या विषयातला अर्धा आठवडा? तो शिकविणारा माणूस त्याच क्षेत्रात संशोधन करतो का? परीक्षेत त्यावर प्रश्न येतात का? आणि वर्गात एखाद्या विद्यार्थ्याने तोराविषयी प्रश्न विचारला तर शिक्षक काय करतो, हे तिथल्या जुन्या विद्यार्थ्यांना विचार. तो प्रश्न झिडकारत असेल तर ते ठिकाण बरे नाही. त्याने तासाचे अर्धे प्रवचन केले तरी बरे नाही. "तास संपल्यावर ये, बसून बोलू," म्हणत असेल, तर जा.

आणि आजी, तुमच्यासाठी. पुढच्या रविवारी आपण मुलांना घेऊन तो देवमासा पाहायला जाणार आहोत. तुम्ही यायचे आहे. त्याच्या पंखातली बोटे मी तुम्हाला दाखवीन. ती पाहताना कोणती बेराखा म्हणायची, याचा वाद आपण वाटेत घालू. तिकिटांची नोंदणी आधी करावी लागते, तेव्हा ज्यांना यायचे आहे त्यांनी आज जाण्यापूर्वी नावे द्यावीत. शनिवारी जाऊ का, असे एकाने मघाशी विचारले. नाही. शनिवारी घाणा बंद असतो.